कोयंड्याच्या बोटभर खाली

"चोरानं माझा खांब नेला आणि जागेवर तसाच दुसरा खांब ठेवून गेला," म्हातारा म्हणाला. "आता बोला!"

मावशी चहा पीत राहिली. भाच्याचा चहाचा कप मात्र ओठांपाशीच थबकला.

मावशीनं जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून ती लोकांच्या खाजगी भानगडी सोडवू लागली. भाचा पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. तो तिची गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

म्हाताऱ्याला सगळे फिटर म्हणत. कारखान्यातली नोकरी संपल्यावर त्यानं घरामागच्या खोलीत सुतारकामाचा नाद लावून घेतला होता. लाकूड विकत आणणं त्याला मंजूर नव्हतं. पाडलेल्या घरांची दारं, वादळात पडलेली चिंच, मोडक्या गाडीच्या चाकातली बाभूळ, असलं काही दिसलं की त्याचा पाय निघत नसे.

"कसला खांब?" मावशीनं विचारलं.

उत्तर त्याच्या बायकोनं दिलं. "आमच्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीचा. फणसाचा. त्यावर हे आमच्या मुलाची उंची मांडायचे, दर वाढदिवसाला. बारावा यायच्या आत त्याला ताप आला." तिनं मावशीपुढची बशी सरळ केली. मग म्हणाली, "त्याचं म्हणून तेवढंच उरलं होतं हो."

"घर पाडलं तेव्हा चौकटीचे दोन्ही उभे खांब मी आणि माझ्या मित्रानं, त्या पोस्टमननं, वाहून आणले," फिटर म्हणाला. "साध्या खांबाचा नुकताच मी मागच्या पायऱ्यांना कठडा केला. खुणांचा कोपऱ्यात उभा होता. परवा लेक फोटो काढायला गेली आणि म्हणाली, बाबा, यावर तर एकही खूण नाही! खोलीची दुसरी किल्ली फक्त पोस्टमनकडे. आमच्याच घराच्या दुसऱ्या दाराचे खांबही त्याच्याकडे. त्यानं अदलाबदल केली. मी त्याला सांगितलंय, या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

"किती जुनी ओळख?"

"शाळेतली," बायको हळूच म्हणाली.

खोलीत आधी भाचा शिरला. बटण दाबलं, उजेड पडला नाही, आणि नडगी दाणकन चाकावर आपटली. मावशीनं विजेरी लावली. बल्बवर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि जाळ्यावरही धूळ बसली होती. खिडकीसमोर छतापर्यंत फळ्या रचलेल्या. खाली मात्र रंध्याच्या ताज्या छिलक्यांचा ढीग होता.

कोपऱ्यात निळ्या तेलरंगाचा खांब उभा होता. त्याच्या कडेला बिजागऱ्यांच्या तीन चौकोनी खाचा होत्या. भाच्यानं खाली-वर पाहिलं. खूण खरोखरच नव्हती. त्याच्या बाहीला एक छिलका चिकटला, पिवळा, एका बाजूनं निळा, मधे लाल ठिपका. त्यानं तो झटकला. मावशीनं तो वाकून उचलला आणि पर्समध्ये टाकला.

मागच्या पायऱ्या उतरताना भाच्यानं कठडा धरला आणि त्याचा हात सुखावला. इतकं गुळगुळीत लाकूड त्यानं कधी हाताळलं नव्हतं. वरच्या पाठीवर एका जागी गडद चिंचेचा गोल तुकडा बसवलेला होता, सांधा नखालाही लागत नव्हता.

"रंध्याचा हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला.

"जुन्या लाकडाचं मी केसाएवढंच काढतो," फिटर म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला होता.

जावई अंगणातच भेटला. ती खोली पाडून गाडीसाठी जागा करावी, असं त्याचं म्हणणं असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"ते भंगार मला फुकट दिलं तरी नको," तो म्हणाला. "सरपण सुद्धा धड होणार नाही त्याचं. कधीपासून सांगतोय, बल्ब तरी बदलून देतो. तर नको म्हणतात. उगाच लुडबुड करू नकोस म्हणतात."

पोस्टमन दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहत होता. ते गेले तेव्हा तो एका स्टुलाला इस्त्री करत होता. भाच्याला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय.

"पोचा पडलाय," पोस्टमन म्हणाला. त्यानं ओलं फडकं पोच्यावर ठेवून गरम इस्त्री टेकवली. चर्र आवाज झाला. "कापलेलं गेलं ते गेलं. चेपलेलं मात्र पाणी प्यालं की वर येतं."

"खांब तुम्ही घेतलात?"

"नाही. पण मी एकदा म्हणालो होतो, हा खांब मला दे, त्याची पेटी करून देतो. तू रोज त्याच्यापुढे बसून स्वतःला जाळतोस. त्याचा त्याला राग आला." त्यानं खिशातून किल्ली काढली. "ही घेऊन जा. माझी नको आता."

मावशीनं किल्ली घेतली नाही.

परत आल्यावर मावशी फिटरच्या बायकोशी स्वयंपाकघरात बोलली. "खुणा कशानं केल्या होत्या?"

"यांच्या बोथट लोखंडी पंचानं. ठोकून. पोराच्या मापाला पातं लावायचं नाही, असं यांचं होतं. खळगा पडला की पोरगा त्यात लाल रंग भरायचा, अगदी काठोकाठ. वरून बोट फिरवलं तर कळायचंही नाही. आणि मोजताना टाचा उचलायचा, लबाड! कोयंड्याएवढा झालो की दाराला कडी मीच लावणार म्हणायचा. शेवटची खूण कोयंड्याच्या बोटभर खाली होती."

गाडीत बसताच भाचा म्हणाला, "पोस्टमनच. किल्ली, संधी, कारण, सगळं आहे त्याच्याकडे."

"छान," मावशी म्हणाली. "म्हणजे तो नक्की सुटला."

पण ती हसली नाही. बराच वेळ तिनं गाडी सुरू करू दिली नाही.

"मावशी, कळलंय तुला. मग?"

"कळलंय, पण सांगायचा धीर होत नाही. न सांगावं, तर त्या पोस्टमनवरचा डाग जन्माचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना मागच्या पायऱ्यांशी बोलावलं. पोस्टमन फाटकाबाहेरच उभा राहिला. फिटरनं त्याच्याकडे मान वळवली नाही.

"कोपऱ्यातल्या खांबाला बिजागऱ्यांच्या खाचा आहेत," मावशी म्हणाली. "एका चौकटीत बिजागऱ्या एका खांबाला असतात आणि कोयंडा समोरच्या. मुलाची उंची कोयंड्याच्या खांबावर मांडत होते. म्हणजे कोपऱ्यातला खांब साधाच. तो बाहेरून कोणी आणला नाही. पहिल्यापासून तो तुमचाच आहे, काका."

"मग खुणांचा कुठाय?"

मावशीनं पर्समधला छिलका भाच्याकडे दिला. "काय दिसतं?"

"लाल ठिपका," भाचा म्हणाला, आणि कधी नव्हे ते तिनं सांगायच्या आधी त्याला सगळं कळलं. त्यानं मान खाली घातली.

"कठड्यावर चिंचेचा गोल तुकडा आहे. काका, त्याच्याखाली कसलं भोक होतं?"

फिटरनं अंगठा बोटांवर घासला.

"खिळ्याचं असेल, असं तुम्हाला वाटलं. ते कोयंड्याचं होतं. दोन्ही खांब एका लाकडाचे, एका रंगाचे, एका लांबीचे. फरक फक्त डोळ्यांना दिसणारा. खुणा बोटाला लागत नव्हत्या. तुम्ही बोटांनी काम करता. बल्ब जाऊन किती काळ लोटलाय, पण त्याची तुम्हाला गरजच पडली नाही. खुणा नाहीत हेसुद्धा लेकीनं सांगितलं तेव्हा कळलं." तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला दिसत नाही, काका. आणि ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत."

"दिसतं मला," फिटर ओरडला. मग पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "सावल्या दिसतात. सांगितलं असतं तर रंधा काढून घेतला असता तुम्ही सगळ्यांनी."

बायकोनं तोंडावर हात धरला. फिटर चाचपडत कठड्यापाशी आला आणि त्यानं दोन्ही हात त्यावर ठेवले.

"मीच पुसला त्याला," तो म्हणाला. "माझ्याच हातानं."

तो पायरीवर बसून लहान मुलासारखा हमसून रडला. त्याच्या जवळ जायला कोणी धजेना. भाच्याला वाटलं, हे प्रकरण न सुटतं तर बरं झालं असतं.

फाटक वाजलं. मनाई केलेली पायरी पोस्टमन चढून आला.

"वहिनी, इस्त्री आणि ओलं फडकं द्या," तो म्हणाला. जावयानं धावत जाऊन वायर जोडली.

पोस्टमननं काचकागदानं कठड्याचं पॉलिश खरवडलं, फडकं टेकवलं, इस्त्री ठेवली. चर्र झालं. तो वीतभर पुढे सरकला, पुन्हा ठेवली. असं बराच वेळ चाललं. मग त्यानं मित्राचा हात धरून लाकडावर ठेवला.

"तू केसाएवढंच काढतोस ना," तो म्हणाला. "बघ."

फिटरची बोटं सरकली आणि थांबली. गुळगुळीत लाकडावर, पंचानं चेपलं होतं तिथं, बाजरीच्या दाण्याएवढा उंचवटा आला होता. पुढे आणखी एक होता. मग बरीच जागा कोरी गेली. तिथं रंधा खोल गेला होता, त्या वर्षांचं पोर काही परत आलं नाही. मग पुन्हा एक, पुन्हा एक.

"ही टाचा उचललेली," तो पुटपुटला. बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. त्यानं तिचं बोट धरून त्या जागी टेकवलं.

शेवटचा दाणा लागला. त्याच्यापुढे चिंचेचा गोल तुकडा होता. फिटरनं मधल्या कोऱ्या लाकडावर आपलं बोट आडवं ठेवलं. ते नेमकं मावलं.

"एवढंच राहिलं होतं रे," तो पोस्टमनला म्हणाला.

पोस्टमननं किल्ली त्याच्या खिशात टाकायला हात पुढे केला. फिटरनं तो हात तिथंच घट्ट धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट काही त्या जागेवरून उचललं नाही.