सावलीच्या पुढे दोन पावलं

"मॅडम, फिल्टर है मेरे पास... लीजिए ना."

मी मागे वळून पाहिलं नाही. तळ्याच्या काठाशी गुडघे टेकून बसले होते. दुहेरी कापडातून पाणी थेंब थेंब भांड्यात उतरत होतं आणि गारठ्यानं बोटं लाल झाली होती.

धौलाधारच्या रांगेत, साडेतीन हजार मीटरच्याही वर, अशी लहानमोठी तळी आहेत. तिथले मेंढपाळ त्यांना डल म्हणतात. पाठीवर तंबू आणि आठ दिवसांचा शिधा घेऊन, एकेका तळ्याकाठी मुक्काम करत मी एकटीच निघाले होते. दोन दिवसांत मेंढ्या सोडल्या तर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

"जी नहीं, धन्यवाद," मी म्हटलं. भांडं भरलं. मग कापड उलटं केलं, गाळलेल्यातलंच थोडं पाणी त्यावर ओतलं आणि ते अलगद परत तळ्यात सोडलं.

मागचा माणूस स्वतःशीच पुटपुटला, "आयला... गाळलं, आन् परत वतलं? वरच्या हवेनं डोस्क्यावर परिणाम हुतो म्हणत्यात, ते खरंच हाय की!"

मला हसू आवरेना.

"डोकं ठीक आहे माझं. कापडात पाण्यातले जीव अडकतात. ते त्यांच्या घरी सोडले."

मी वळून पाहिलं, तर उन्हानं रापलेला एक उंच तरुण दोन्ही कान धरून उभा होता.

"चुकलं... मराठी?"

"सांगली. विश्रामबाग."

"अरारारा! मी औंधचा. अडीच तासाची यष्टी आपल्यात, आन् भेटायला हितं यावं लागलं बघा!"

त्याचं नाव वीरधवल. खटाव-माण, फलटण या बाजूला शेतांवर सोलर पंप बसवायचं काम करायचा. घरात आजोबा, वडील, चुलते, सगळे फौजेत. हा मात्र भरतीत नापास झाला होता.

"तळपाय सपाट हायत म्हणं," तो हसत म्हणाला. "म्हणून दरसाली येकटा डोंगर चढतो. कुणाला दावायला न्हाई... पायांना दावायला."

मग त्यानं एक खडक निवडला. "त्याच्यापल्याड तंबू लावतो. हाक मारली तर ऐकू यील, घोरलेलं ऐकू येणार न्हाई, एवढं अंतर बास हाय का?"

"बास आहे," मी म्हटलं आणि उगाचच तांब्या पुसत बसले.

पावणेचार झाले आणि तळ्यावरचं ऊन गेलं. पश्चिमेला सरळ उभा कडा होता. सूर्य त्याच्याआड गेला की पाणी क्षणात निळ्याचं काळं व्हायचं. मी डबा मिटून ठेवला. तेवढ्यात वीरधवल वाफाळती ताटली घेऊन आला.

"बटाटं उकडल्यात. आमच्याच रानातलं हायत, पाठीवरनं वाहून आणल्यात. घ्या."

"मी कंदमुळं खात नाही."

"बरं... मग चहा टाकतो."

"आता काहीच नको. सूर्य गेला."

त्यानं घड्याळात पाहिलं, मग माझ्याकडे. "चार बी वाजलं न्हाईत अजून!"

मी सांगितलं त्याला. आठ वर्षांपूर्वी, चातुर्मासात, साध्वी माताजींपुढे हात जोडून मी नेम घेतला होता. सूर्य डोळ्यांना दिसेल तोवरच अन्नपाणी. सांगलीच्या सपाटीवर त्यात काही अवघड नव्हतं. सहाच्या आत जेवण उरकायचं, मी काम करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी यायला पाच मिनिटं लागतात. इथे मात्र सकाळी कड्यावरून ऊन उतरायलाच नऊ वाजायचे आणि चारच्या आत ते गुंडाळलं जायचं.

"पंचांगातली येळ बघून न्हाई चालत?"

"चालत असेल. पण मी शब्द दिला, तो डोळ्यांचा दिला."

त्यानं ताटली झाकून ठेवली. भांडं घेऊन उठताना माझा तोल गेला, ते त्यानं पाहिलं. दिवसभर ओझं घेऊन चढायचं आणि पोटात एकवेळचं... अंगातला जोर कमी होत चालला होता, हे मलाही कळत होतं.

"रागावू नका," तो म्हणाला, "पण घरचं कुणी म्हणत न्हाई का, जरा सैल करा म्हणून?"

परक्या माणसाला कुणी असं सांगतं का? पण तिथे ऐकायला डोंगराशिवाय कुणी नव्हतं... मी सांगून टाकलं.

"घरचे नाही म्हणाले. ज्याच्याशी साखरपुडा झाला होता, तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. फक्त लग्नाला दोन महिने उरले तेव्हा म्हणाला, पुण्यात आल्यावर एवढं कडक नको. मी अंगठी परत दिली. आता अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दुसरं स्थळ आणलंय. तिथूनही तोच निरोप आलाय, गोड शब्दांत. अण्णा म्हणाले, डोंगरात जाऊन ये, शांतपणे ठरव."

"काय ठरवायचं?"

"नेम थोडा सैल करून कुणाचं तरी व्हायचं... की नेम धरून एकटं राहायचं."

त्यानं पाण्यापलीकडे बघितलं. मग एकदम म्हणाला, "उठा."

"कुठे?"

"तिकडं बघा की."

तळ्याच्या पलीकडचा, पूर्वेचा उतार अजून सोन्यासारखा पिवळा होता. गवताची पाती न् पाती दिसत होती.

"सूर्य मावळला न्हाई. त्यो नुसता तळ्यावरनं गेलाय. माझा धंदाच हाय ह्यो... पॅनल लावायच्या आदी सावली कवा, कुठनं येती ते बघायचं. ही सावली आत्ता पाणी वलांडून त्या उतारावर चढाय लागलीय. आपण तिच्या पुढं दोन पावलं चालायचं. तुमचा डबा मी घेतो."

मला काय वाटलं ते कसं सांगू? दोन दिवस मी तंबूच्या दारात बसून नेम सांभाळत होते. उठून उन्हाच्या दिशेनं चालत जावं, हे मला सुचलंच नव्हतं.

आम्ही निघालो. काठाच्या दगडांवरून वळसा घालून उतारावरचं ऊन गाठलं, तोवर सावली आमच्या मागोमाग आलीच.

"आली बघा, टाचेला लागली!"

"खोटं!"

"आईशप्पत! पळा!"

त्या उंचीवर पळता येत नाही. दहा पावलं टाकली की छाती भरून येते. तरी मी पळाले... थांबले, पुन्हा पळाले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, मोठ्यानं हसले. एका सपाट खांद्यावर पोचलो तेव्हा सूर्य कड्यावर हातभर उंच, चांगला लखलखीत होता. चेहऱ्यावर ऊब आली. मी डोळे मिटून नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. डोळे उघडले, तर तो वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, सूर्याकडे न बघता खाली बघत बसला होता.

"तुम्ही सूर्य सोडून खाली काय बघताय?"

"तुमी सूर्य बघा. मी सावली बघतो. आली की सांगतो."

घास हातातच राहिला माझ्या... क्षणभरच.

मी दशमी खाल्ली, तासगावचे बेदाणे खाल्ले. त्याच्या पुढ्यात भडंग ठेवलं. त्यानं बकाणा भरला आणि चावता चावता थबकला.

"ह्यात लसूण न्हाई?"

"नाही."

"सांगलीचं भडंग, आन् बिनलसणीचं?"

"कसं लागतंय?"

"खरं सांगू, का चांगलं सांगू?"

"खरं."

"लसूण पायजे हुता." आणि पुन्हा त्यानं मूठ भरून घेतली. "पण सरल्याबिगर उठणार न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी पुढच्या तळ्याकडे आम्ही दोघंही एकटेच निघालो... फक्त वाट एकच होती. तो कधी पुढे, कधी बराच मागे. कुठे ओढा ओलांडायचा असला की मात्र नेमका काठावर बूट झटकत बसलेला असायचा. मी हात पुढे करायची नाही, तोही करायचा नाही. काठी मात्र मधोमध धरायचा. असे तीन मुक्काम, तीन तळी, आणि रोज दुपारी सावलीबरोबर शर्यत. तिसऱ्या दिवशी ओझं उचलताना माझा तोल गेला नाही. शेवटच्या तळ्यात अख्खा डोंगर उलटा उतरला होता. ते बघताना आम्ही दोघं इतका वेळ गप्प होतो, की आता कुणीतरी काहीतरी बोलेल याचीच मला भीती वाटायला लागली.

बोलला तो खाली गावात आल्यावर. माझी बस उभी होती, सॅक टपावर चढली होती.

"आमच्यात आयतवारी मटण शिजतं," तो बुटाकडे बघत म्हणाला. "मी ते... सोडलं तर?"

माझा एक पाय बसच्या पायरीवर होता. तरी म्हटलं, "माझ्यासाठी नका सोडू. माणसासाठी सोडलेलं, त्या माणसाशी भांडण झालं की परत धरलं जातं. आणि आपण काय भांडणार नाही?"

तो एकदम वर बघून हसला. "'आपण' म्हणालात."

"बस सुटतेय..."

"म्हणालात का न्हाई?"

मी बसमध्ये चढले. घाट उतरेपर्यंत गाल गरम होते.

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं की त्या स्थळाला नाही कळवा. मग का, तेही सांगितलं. अण्णा दोन दिवस पेपर उलटा धरून बसले. आई देवापुढून उठेना. औंधहून रोज संध्याकाळी पाचला एकच शब्द फोनवर यायचा... जेवलात? मी उत्तर द्यायची, हो. एवढंच. मटणाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. शेवटी अण्णाच म्हणाले, "बोलव त्याला. आमच्या तोंडावर काय बोलतो ते ऐकू दे."

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, चारच्या सुमाराला, तो आईला घेऊन आला. लीलाबाई डोक्यावर पदर घेऊन, कणा ताठ करून बसल्या. अण्णांनी चहाचीसुद्धा वाट बघितली नाही.

"मटण?"

"सोडलं," वीरधवल म्हणाला. "त्यांच्यासाठी न्हाई, त्या नगं म्हणाल्या. त्यांची बस गेल्यावर मी येक दिस मेंढपाळांच्यात ऱ्हायलो. वड्यात पडलेलं कोकरू बाहीर काढलं, रातभर माझ्या कुशीत निजलं. तवापासनं ताट पुढं आलं की मनच उठतंय."

"कांदा?"

"न्हाई सुटला."

लीलाबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. "आरं, सुटला म्हण की!"

"खोटं कशाला बोलू, आये?"

"आणि रात्रीचं जेवण?" अण्णांचा आवाज चढला.

"जेवतो. लांबच्या रानातनं घरी यायलाच आठ वाजत्यात. त्यांचा नेम मला झेपायचा न्हाई, म्हणून तसं वचन देत न्हाई. पण त्यांचा नेम मोडायची येळ आमच्या घरात कुणी आणणार न्हाई. ते माझ्याकडं लागलं."

"आवं, त्यात काय येवढं?" लीलाबाई पुढे सरसावल्या. "आमच्यात समदी फौजेतली माणसं. पाचाला ताट म्हटलं की पाचाला ताट! येक मिनिट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. पोरीनं नुसती येळ सांगावी. तिची चूल निराळी मांडून देतो, लसणाचा वास बी जाणार न्हाई तिच्याकडं."

अण्णांनी आईकडे बघितलं. आईनं डोळे पुसले आणि हळूच मान हलवली. मग अण्णांच्या ओठाची एक कड वर गेली.

"कांदा आमच्या धाकट्या जिनेंद्रलाही सुटला नाही," ते म्हणाले. "पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी पहिला कांदा तोच चिरतो. ...त्रिशला, तुझं काय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, दोन्ही हातांत धरून ठेवता येणार नाही; एक काहीतरी खाली ठेवावंच लागेल. आणि समोर बसलेला माणूस तर काहीच खाली ठेव म्हणत नव्हता.

"मला यांच्याशी लग्न करायचंय," मी म्हटलं.

"काय म्हणली?" लीलाबाईंनी कानाला हात लावला. "मला कमी ऐकू येतं बाई."

मी पुन्हा म्हटलं.

वीरधवलनं अगदी भोळा चेहरा केला. "मलाबी न्हाई ऐकू आलं."

चांगलं ऐकू आलं होतं त्याला! कान लालभडक झाले होते. मी उठून उभी राहिले, सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारच्या गच्चीवर वाळवण काढणाऱ्या रंगुबाई कठड्यावरून वाकून ओरडल्या, "सुकुमारअण्णा... मग तारीख कवाची धरायची?"