बाटलीहिरवा कोट

दिवा राहू दे चालू. मी काही तुम्हाला घाबरवायला बसलेली नाही. उलट ती सहल झकास झाली, हे आधीच सांगून टाकते. आणि जरा हळू बोला, आई आत आहे.

घरी मला सगळे 'रेडिओ' म्हणतात, हे तुम्हा भावंडांना वेगळं सांगायला नको. पण शिकायला परदेशी गेले आणि माझी बोलतीच बंद झाली. तिथली भाषा मला परीक्षेपुरती येत होती. कुणी विनोद केला, की तो डोक्यात शिरून मला हसू फुटेपर्यंत बाकीची मंडळी तिसऱ्या विनोदावर पोचलेली असायची. शेवटी वर्गानं माझं नाव ठेवलं 'म्यूट'. प्रेमानंच हो, पण अंथरुणावर पडलं की रडू यायचं. अरे, मी बोलते! कुणीतरी ऐका ना! म्हणून सहलीला निघतानाच मी ठरवलं होतं, आज बोलायचं. चुकलं तर चुकलं, पण धडाधड बोलायचं.

सहल एकाच दिवसाची. तटबंदीच्या आतलं जुनं शहर, दगडी गल्ल्या, एक संग्रहालय, आणि संध्याकाळी चौकातल्या घड्याळाखालून परतीची बस. सगळी सूत्रं वर्गातल्या एका उंच मुलीकडे होती. तिला आम्ही कॅप्टन म्हणायचो. तिनं बसमध्येच दम भरला होता, "घड्याळाचे ठोके पडले की बस सुटणार. मागे राहील त्यानं इथंच घर करावं!" यावर सगळे हसले. मीसुद्धा हसले, जरा उशिरा.

आमच्या सगळ्यांच्या अंगावर एकच कोट होता. म्हणजे एकसारखा. थंडी सुरू होताना हॉस्टेलजवळच्या दुकानात सेल लागला आणि आम्ही उष्ण मुलखातली मंडळी त्यावर तुटून पडलो. बाटलीहिरवा रंग, मागे टोपी, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि माप कुणाचंच नाही. रस्त्यानं निघालो की लोकांना वाटायचं, बँडपथक आलं.

संग्रहालयात कोट बाहेरच ठेवायचे होते. खिडकीमागे एक बाई विणत बसली होती. ती एकेक कोट घ्यायची आणि पितळी बिल्ला हातावर ठेवायची. माझा मोबाइल कोटाच्या खिशातच राहिला, हे मला आत गेल्यावर आठवलं. म्हटलं, राहू दे, कुठे पळतोय? आता माझी खोड तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. कॅप्टननं दोनदा हाका मारल्या, मग ते सगळे पुढे निघून गेले.

मी बाहेर आले तेव्हा खिडकीपाशी एकच कोट उरला होता. बाईनं विणकामातून डोकं वर न काढता तो माझ्याकडे सरकवला. मी अंगात घातला. कोट गरम होता. आत्ताच कुणीतरी अंगातून काढलेला असावा तसा. त्याला साबणाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. खिशात हात घातला तर मोबाइल नाही, एक लोखंडी चावी.

"माझा कोट बदलला वाटतं," मी अडखळत म्हटलं.

"तुमची मंडळी गेली सगळी," ती म्हणाली. "हसत हसत गेली."

मी म्हटलं, झालं, भुक्कडनंच नेला असणार. भुक्कड म्हणजे आमच्यातला तो एकजण, ज्याला कुठल्याही शहरात बेकरीशिवाय काही दिसत नाही. तेव्हा बेकरी शोधली की कोट सापडेल, असं माझं साधं गणित. निघाले.

बेकरी कोपऱ्यावरच होती. भुक्कड नव्हता, पण दारातल्या बाईनं मला पाहताच गरम पाव कागदात गुंडाळून हातात कोंबला. "आज गप्प का गं? रोज तर माझे कान किटवतेस!"

मी पैसे काढायला लागले तर तिनं हातावर चापट मारली. पुढच्या खिडकीतून चांभारानं विचारलं, "टाच बसली का नीट?" समोरून येणाऱ्या पोस्टमनबाईंनी सायकलवरूनच हात केला. आणि मला सगळं कळत होतं! प्रत्येक शब्द, प्रत्येक टोमणा. मी चांभाराला म्हटलं, "टाच बसली, आता मीच तेवढी उभी आहे." तो पोट धरून हसला. लगेच हसला!

खरं सांगते, त्या क्षणी मला कोटाचं, मोबाइलचं, कशाचंच काही वाटेना. इतक्या महिन्यांत मला कुणी 'आज गप्प का' असं विचारलं नव्हतं. मी गल्लीभर बोलत सुटले. पाव खात, दारादारांत थांबत, लोकांच्या मांजरांचीसुद्धा चौकशी करत. ऊन कधी उतरलं ते कळलं नाही. गल्ली अरुंद होत गेली, दुकानं मागे राहिली. मग एकाएकी सगळे आवाज थांबले आणि नुसती माझीच पावलं ऐकू यायला लागली. धुराचा वास दाट झाला... तोच, कोटाला येणारा.

शेवटच्या घराच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती.

"आत ये. सूप गार होतंय."

मी विचार केला, कोट जिचा आहे तिचं घर हेच असणार. तिचा तिला देऊ, माझा घेऊ. दाराला कुलूप होतं. खिशातली चावी घातली, तर मी फिरवण्याआधीच ती फिरली.

आत छोटंसं स्वयंपाकघर. चूल पेटलेली, टेबलावर दोन वाडग्या, दोन चमचे. भिंतीवर कपड्यांची एक खुंटी, रिकामी. म्हातारी सावकाश उठली. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली. तिची बोटं गार होती.

"आजी... मी ती नाही," मी म्हटलं. "कोट बदललाय आमचा."

"दिसतंय की," ती म्हणाली. "नाक वेगळं आहे." मग तिनं माझा गाल थोपटला. "असू दे. होईल सवय. मागचीचंही वेगळंच होतं."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांची गंमत असते, म्हटलं. पण ती हसत नव्हती.

"मागची कोण?"

"तीही अशीच आली होती, सहलीला. फार गप्प होती बिचारी. इथं आली आणि बोलायला लागली." तिनं वाडगी माझ्यापुढे सरकवली. "पण पुढे पुढे तिला घरची आठवण यायला लागली. जाऊ कशी, म्हणायची. मी म्हटलं, जायला कोट लागतो बाई... कुणाचा तरी."

बाहेर घड्याळाचा पहिला ठोका पडला.

मी बटणं उघडायला गेले आणि तेव्हा पाहिलं. माझ्या कोटाला प्लॅस्टिकची बटणं होती. ही लाकडी होती, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. एकही निघेना. दुसरा ठोका पडला. म्हातारी शांतपणे सूप ढवळत होती. "सवय होते गं," ती पुटपुटली, "सगळ्यांना होते..."

शेवटी मी कोट डोक्यावरून ओढून काढला, खुंटीवर फेकला आणि पळाले. तुम्ही मला शाळेच्या शर्यतीत पाहिलंय, शेवटून पहिली. त्या दिवशी मला कुणी गाठलं नसतं. चांभारानं मान वर केली नाही. बेकरीवाल्या बाईला मी धडकले, ती म्हणाली, "कोण गं तू?" आणि तिच्या पुढच्या वाक्यातला एक शब्द मला कळला नाही.

चौकात बस घरघरत उभी होती. पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, एक बाटलीहिरवा कोट. टोपी डोक्यावर ओढलेली. कॅप्टन त्याच्या खांद्यावर हात टाकून खिदळत होती. भुक्कड खिडकीतून ओरडला, "म्यूट, आणखी एक किस्सा!" आणि कोट पायरी चढायला लागला.

मी ओरडले. तिथल्या भाषेत नाही, आपल्या भाषेत, घरी जिन्यावरून ओरडते तशी. "ए! माझा कोट आहे तो!" आणि बाही धरून जीव खाऊन ओढली.

हातात नुसता कोट आला. आतून गरम.

"कोट काढून काय उभी राहिलीस? गारठशील," कॅप्टन म्हणाली आणि तिनं मला आत ओढलं. शेवटचा ठोका पडला, बस सुटली. मी इतकी रडले आणि इतकी हसले, की सगळ्यांना वाटलं मला चढली आहे.

परतीचा प्रवास धमाल झाला. दुपारी मी म्हणे सगळ्यांना हसवून हसवून लोळवलं होतं. माझेच किस्से ते मलाच सांगत होते आणि मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दिवसापासून मला कुणी म्यूट म्हटलं नाही. बोलणं सुटलं ते सुटलंच. म्हणजे बघा, एका अर्थी सहल फळलीच.

हॉस्टेलवर पोचल्यावर कोटाच्या खिशातून मोबाइल काढला आणि आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, आता परत? दुपारी एवढं बोललीस की! घराचा रस्ता काय विचारत होतीस, कुठली गल्ली, कुठला जिना... मी म्हटलं, वेडी झाली का ही पोर? सगळं सांगितलं नीट." मी म्हटलं, गंमत केली गं. दुसरं काय सांगणार?

त्यानंतर आत्ता, परवा, सुट्टीत घरी आले. सामान घेऊन जिना चढले, बेल वाजवली. आईनं दार उघडलं. मला वाटलं, गळ्यात पडेल. पण तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हातावरचा कोट घेऊन तिनं खुंटीला लावला आणि माझा गाल थोपटला.

"नाक जरा वेगळं दिसतंय गं," ती म्हणाली. "असू दे. होईल सवय."