गोलंदाजाचा रकाना

उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वस्तीमागे, सिमेंटच्या पट्टीवर चटई ताणून केलेल्या मैदानात, आमचा संघ रविवारी सकाळी साडेसहाला खेळतो. मी दुबईतल्या अल कुसैसहून गाडी घेऊन जातो आणि स्कोअरबुक लिहितो. नोकरीने मी गुणवत्ता-तपासनीस आहे. न पाहिलेली गोष्ट लिहीत नाही.

त्याच शिस्तीने मी जॉब एल्डरिजचे चरित्र लिहीत होतो. हॅम्पशरमधला हा माळी अडीचशे वर्षांपूर्वी, तेव्हाच्या पद्धतीने, खालून हात फिरवून चेंडू टाकत असे. तेवीस सामने, नोंदीत जेमतेम बारा त्रिफळे. त्या काळी फलंदाज झेलबाद झाला की केवळ झेलणाऱ्याचे नाव नोंदवत. गोलंदाजाच्या वाट्याला काही येत नसे. अखेर ‘बळी मिळत नाहीत’ म्हणून त्याला संघातून वगळले. पुढे तो कोठे गेला, याची नोंद नाही.

आमचा डेन्झिल वसईचा. वय चव्वेचाळीस, हॉटेलात बँक्वेट सांभाळतो, संथ फिरकी टाकतो. यंदाच्या सहा सामन्यांत त्याच्या नावावर एकच बळी होता. मला मात्र त्याच्या चेंडूंवरचे नऊ झेल आठवत होते. मी ते लिहिले होते. वहीत झेलणाऱ्यांची नावे होती, पुढचा रकाना कोरा. दमट हवेला दोष देऊन मी पेन बदलले. मोबाइलवर काढून ठेवलेल्या पानांच्या फोटोंतही रकाना कोराच निघाला.

“आज तीन विकेट काढ, नाहीतर खलास,” कर्णधार राजन त्या सकाळी म्हणाला. “वेटिंग लिस्ट आहे, बाबा. मी काय करू?”

“तुझ्या हातात चार कॅच दिले मी, राजन. ते काय विमानातून पडले?”

“मला नाही आठवत. बुकात दाखव.”

डेन्झिल माझ्याकडे वळला. “सुजीत, तू तरी लिहितोस ना रे?”

“लिहितो.”

“मग झालं. मी टाकतो, तू लिही. बघू कोण दमतं.”

चौथ्या षटकात मिड-ऑफला राजननेच झेल घेतला. मी दोन्ही नावे लिहिली आणि नजर हलवली नाही. शाई वाळली. मग डेन्झिलचे नाव शेवटच्या अक्षराकडून विरत गेले, वाळूत पाणी जिरावे तसे.

वारा पडला होता. रंगाच्या कारखान्याचा नेहमीचा उग्र दर्प नाहीसा झाला. त्याच्या जागी नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा वास आला. त्या मैदानात गवताची काडी नाही.

शेजारी प्रतिस्पर्धी संघाचे स्कोअरर जमालभाई कडक चहा पीत होते. त्यांच्याही वहीत रकाना कोरा होता.

“जमालभाई, बॉलर का नाम?”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. “कैच में बॉलर का नाम कौन लिखता है, हबीबी?”

हा माणूस अकरा वर्षे स्कोअरिंग करतो आहे.

दुसरा झेल. लिहिले. गेले.

तिसरा झेल.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला.

मी मराठीत, पेन दाबून लिहिले: ‘हा झेल गोलंदाज डेन्झिलचा आहे. मी पाहिला.’ खाली सही केली.

विरले.

पुन्हा लिहिले. विरले.

“पूस तू,” मी मोठ्याने म्हणालो. “मी लिहितो.”

सातव्यांदा कागद फाटला.

अक्षरे राहिली. मी वरच्या ओळी पाहिल्या, तर पहिल्या दोन झेलांपुढेही डेन्झिलचे नाव परतले होते.

सामन्यानंतर राजनने बोट ठेवून मोजले. “तीन. ठीक आहे. पुढच्या रविवारी वेळेवर ये.”

“मी कधी उशीर केला?” डेन्झिल म्हणाला.

सोमवारी ऑफिसात इंग्लंडच्या एका अभिलेखागाराची मेल आली. एल्डरिजच्या अखेरच्या सामन्याचे हस्तलिखित पान मी दोन महिन्यांपूर्वी मागवले होते; त्याची प्रत जोडलेली होती. सोबत अभिलेखपालांनी नम्रपणे विचारले होते: तीन झेलांपुढे कोणी तरी अनोळखी लिपीत काही लिहिले आहे. शाई पानावरच्या उरलेल्या शाईइतकीच जुनी आहे. आपण ही लिपी ओळखता का?

मी पान मोठे करून पाहिले. तिसऱ्या झेलापाशी कागद फाटला होता.

‘हा झेल गोलंदाज एल्डरिजचा आहे. मी पाहिला.’

खाली माझी सही होती.