नवऱ्यातला अर्धा 'र'

हसू नको बाई, पण मेलेल्या माणसाचाही हेवा वाटते. मले वाटते. राजकुमारची, म्हणजे आमच्या यायची, पयली बायको अंजू. तिले मी कधी पाह्यलं नाही. पण महागावच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात खुर्ची तिची, कीबोर्ड तिचा, 'र'च्या बटनावरचं अक्षर तिच्याच बोटानं पुसलेलं. आमच्या बंजारा तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांची गाणी तिनं टाइप करून ठेवली होती, खाली मराठीत अर्थ. अंजूच्या टायपिंगात चूक सापडत नाही, असं हे गिऱ्हाइकासमोर म्हणत, अन् माझ्या पोटात आग पडे.

त्या दिवशी दुपारी यवतमाळच्या छापखान्यातून फोन आला. त्या गाण्यांचं पुस्तक छापायचं होतं, पण फाइलीत जागोजागी रिकामे चौकोन उमटत होते. हे म्हणाले, इकडून तिकडून मजकूर चिपकवताना न दिसणारी अक्षरं घुसतात, तेवढी खोडून टाक. फक्त एक ठेवजो, अर्ध्या 'र'ले धरून ठेवणारं. तेही दिसत नाही, पण ते काढलं की 'र' उडते अन् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसते. एवढं सांगून हे बाजार समितीत गेले.

मी तेच पयले काढलं. म्हटलं, निघू दे तिच्याही चुका, पाहू दे सगळ्यायले.

एका दमात पूर्ण फाइलीतून खोडलं. बाहेर कापसाच्या गाड्यांचा गोंगाट चालू होता, तो दूर गेल्यावानी झाला. लॅमिनेशनची मशीन सकाळपासून बंद, तरी तापल्या प्लास्टिकचा वास येऊन राह्यला होता. पाहते तं 'म्हाताऱ्या'चं 'म्हातार्या' झालतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. लय बरं वाटलं मले. मंग 'नवऱ्या' दिसला. शाबूत. पुन्हा खोडलं, तं कंप्युटर म्हणे, असं अक्षर एकही सापडलं नाही. पानापानावर 'दुसर्या' मोडलेला अन् 'नवऱ्या' जसाच्या तसा. आता दुसरी तं मीच न बाई.

मी कोरी फाइल उघडली. स्वतःच्या बोटानं लिवलं, 'माझ्या नवऱ्याचं नाव राजकुमार.' बाणाचं बटन दाबत एकेक अक्षर पुढं गेली. 'माझ्या' संपलं. दाबलं, पण कर्सर हलला नाही. पुन्हा दाबलं… पुन्हा… तिथंच लुकलुकत राह्यला. न दिसणारं अक्षर असलं की असंच होते, जागा घेत नाही पण असते. माझ्या अन् नवऱ्याच्या मधात. खोडलं, तरी तिथंच.

"अंजू…?" मी हळूच म्हटलं.

'र'चं पुसलेलं बटन सावकाश खाली गेलं अन् वर आलं. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

हे आले तवा मी कीबोर्डची वायर काढून बसली होती. झालं काय काम, म्हणून यायनं विचारलं. झालं म्हटलं.

दिवस बुडायच्या आधी दुकान बंद करून आम्ही गाडीवर तांड्याकडं निघालो. मी पार मागं सरकून लोखंडी कॅरिअर दोन्ही हातानं धरून बसली होती. रस्त्याले कोणी नाही, दोन्हीकडं कापसाची पऱ्हाटी. अर्ध्या वाटेत यायनं गाडी हळू केली. मागं न पाहताच म्हणाले,

"आज एवढी चिपकून कायले बसली…?"

आमच्या मधात हातभर जागा मोकळी होती. अन् एवढ्या मऊ आवाजात हे माझ्यासंग कधीच बोलले नव्हते.