चार उघडे डोळे

चाळीस माणसांनी डोळे मिटले आणि खोलीत चारच डोळे उघडे राहिले. दोन ध्यान शिकवणाऱ्याचे, दोन तिचे. विमा कंपनीची आकडेवारी ती सांभाळायची, म्हणून तिला मिटायची परवानगी नव्हती. साहेबांनी बजावलं होतं, "रोज किती जण डोळे मिटतात ते मोजा. ताण कमी झाला, तर तो कागदावर दिसला पाहिजे."

मोजता मोजता तिची नजर पुढे गेली... आणि अडकली. तो तिच्याकडेच बघत होता.

"तुमचं मन लागलं नाही वाटतं?" संपल्यावर चटया गुंडाळत त्याने विचारलं.

"मी ड्यूटीवर आहे."

"मीही. तरी एकदा मिटून बघा."

"मग घोरणाऱ्यांना कोण मोजणार?"

"त्यांचा रकाना कुठला?"

"प्रगती उत्तम."

तो हसला, आणि तिचा हिशेब दोन माणसांनी चुकला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दीडला, "श्वास आत... सोडा..." झालं की तो त्याच संथ आवाजात जोडायचा, "आणि ज्यांनी अजून मिटले नाहीत, त्यांनी मिटावेत..." चाळीस जण दचकून डोळे अधिकच घट्ट मिटायचे. ती पेन्सिल चावत हसू दाबायची.

तोही पूर्वी अशाच कचेरीत कारकून होता. तिशीत छाती धडधडायला लागली, लिफ्टमध्ये शिरायची हिंमत होईना. शांत बसायला शिकला तेव्हा कुठे सावरला. म्हणून कुणाचे खांदे आखडलेले दिसले की तो नुसता त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा. खांदे आपोआप उतरायचे.

तीन महिन्यांत आजारपणाच्या रजा निम्म्या झाल्या. औषधांची बिलं उतरली. तक्रार विभागातली माणसं फोन आपटायचं सोडून अलगद ठेवायला लागली. फक्त रक्तदाब तपासणाऱ्या नर्सबाई चक्रावल्या होत्या.

"अख्ख्या मजल्याचं खाली आलं, तुझंच कसं गं वर? मीठ वाढलंय का जेवणात?"

"जेवणात नाही," ती म्हणाली.

अहवालाचा शेवटचा रकाना होता, 'फायद्याचे मुख्य कारण'. रोजचा सराव, ठरलेली वेळ, त्याचं ते जवळ येऊन उभं राहणं... लिहिण्यासारखं खूप होतं. पण तिचा हात तिच्या ताब्यात नव्हता. तिने दोनच शब्द लिहिले: 'शिक्षकांचा आवाज'. त्याला कायम करतील, असं तिला वाटलं. आयुष्यातलं पहिलं प्रेमपत्र तिने तीन प्रतींत काढलं.

साहेबांनी ते लक्षपूर्वक वाचलं. "आवाजच ना? मग माणूस कशाला रोज बोलवायचा? रेकॉर्ड करून घ्या."

बटण दाबायला अर्थातच तिलाच बसवलं.

"अहवालातलं कारण तुम्ही लिहिलंत म्हणे," माइकसमोर बसत तो म्हणाला.

"मला वाटलं—"

"माहितीये. कायम झालो असतो, तर तुम्हाला एक विचारणार होतो."

"आता विचारा ना."

"आता?" तो छताकडे बघून हसला. तिथे स्पीकर बसवायचं काम चाललं होतं. "माझी जागा वर झाली. दुसऱ्या गावी एका दवाखान्यात बोलावलंय, तेही महिनाभरापुरतं. रिकाम्या हाताने नाही विचारवत हो."

"मी हातांबद्दल काही लिहिलं नव्हतं..."

त्याने माइक जवळ ओढला. मग खालमानेने म्हणाला, "येतील ते विचार येऊ द्यावेत, जातील ते जाऊ द्यावेत, असं सगळ्यांना शिकवतो. मला स्वतःला जमत नाही. दाबा बटण."

तिने दाबलं.

आता दीड वाजता छतातून तो बोलतो. शेवटी येतं, "आणि ज्यांनी अजून मिटले नाहीत..." मग खुर्ची कुरकुरते, आणि मोठी शांतता. "...त्यांनी मिटावेत." ती शांतता म्हणजे बिघाड समजून तंत्रज्ञ कापायला निघाला होता. ती म्हणाली, "राहू द्या. फायदा होतो."

मोजायचं काम संपलं होतं. त्या दुपारी तिने चटई अंथरली आणि पहिल्यांदाच त्याचं ऐकलं. खोलीत एकही डोळा उघडा नव्हता, म्हणून तिचे वाहिलेले कुणाला दिसले नाहीत.

महिन्याने नर्सबाईंनी तिच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि कौतुकाने म्हणाल्या, "आलं गं बाई शेवटी तुझंही खाली!"

तिने आकडा अहवालात भरला. कारणाचा रकाना कोरा सोडला.