लाल दिवा कोणत्या बाजूला?

"आबा, आज मी वल्हं मारणार! तुम्ही कबूल केलंय!" मजीद उड्या मारतच होडीकडे धावला.

पण पुंजारामआबा जागचे हललेसुद्धा नाहीत. "आज होडी निघायची नाय, पोरा. आता कधीच नाय."

बन्सी, अजरा आणि तिचा धाकटा भाऊ मजीद एकमेकांकडे बघतच राहिले. दिवाळीच्या सुट्टीत तिघं औरंगाबादहून बन्सीच्या आजोळी आले होते. पैठणजवळ, नाथसागराच्या काठी! बन्सीच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, त्यांना वल्हं धरायला शिकवलं होतं. मजीदच्या ताटातल्या माशाचे काटे रोज स्वतः काढून दिले होते. आणि तेच आबा आज पाण्याकडे पाठ करून बसले होते!

वच्छलाआजीनं काय घडलं ते सांगितलं. काल दिवेलागणीला आबा जाळं टाकून परतत होते. तेवढ्यात तात्यासाहेबांची प्रवासी लाँच त्यांच्या होडीवर चालून आली. टक्कर थोडक्यात हुकली! लाँचचे मालक तात्यासाहेब काठावर सगळ्यांदेखत ओरडले, "डोळे गेलेत तुझे, पुंजाराम! दिवे दिसत नायत तर पाण्यात उतरतो कशाला?"

"दिवा दिसला व्हता," आबा हळूच म्हणाले. "लाल. पण आता माझ्याच डोळ्यांचा मला भरवसा वाटंना."

"लाल दिसला म्हणजे काय समजायचं, आबा?" अजराने विचारलं.

"नावेच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. नुसता लाल दिसला म्हंजी तिचं डावं अंग आपल्याकडं. ती आपल्या डाव्या हाताला चाललीय. म्हणून मी उजवीकडं वळलो. तर ती तिकडंच आली की!"

अजराचे डोळे चमकले. "बन्सी, मजीद, चला! लाँच बघून येऊ!"

नव्या रंगानं झगमगणारी लाँच धक्क्याला उभी होती. तिचे चालक सांडूमामा चहा पीत होते.

"मामा, जरा दिवे लावून दाखवता?" अजराने विचारलं.

"भर दुपारी? लई हौशी पोरं तुम्ही!" हसत त्यांनी बटणं दाबली.

मजीद चालकाच्या जागेवर पुढं तोंड करून बसला आणि दोन्ही हात पसरले. "हा माझा डावा, हा उजवा... आपा! डावीकडे हिरवा आहे!"

सांडूमामांनी कप खाली ठेवला आणि वाकून पाहिलं. "या अल्ला नि या देवा! रंगासाठी दिवे काढले व्हते. उलटे बसले की! तपासून बघू म्हणलं, तर तात्यासाहेब म्हणले, पेटतायत ना? मग चल! थांबा, आत्ता बदलतो."

"थांबा मामा!" बन्सी म्हणाला. "गुपचूप बदलले तर आबांवरचा ठपका कसा जाईल?"

अजराने बन्सी, मजीद आणि सांडूमामांना जवळ बोलावलं आणि बेत सांगितला. सांडूमामा आधी गालातल्या गालात हसले, मग म्हणाले, "प्रवाशांना उन्हं असतानाच पोचवतो. आणि पोरांनो, जॅकेटं घातल्याबिगर होडीत पाय ठेवायचा नाय!"

संध्याकाळी बन्सी तात्यासाहेबांपुढे उभा राहिला. "आबांना तुमच्यासारखी नजर नाही. आज तुम्हीच होडीत बसून वाट दाखवा ना!"

तात्यासाहेब फुशारले. "चला! नजर कशाला म्हणतात, दाखवतो!"

आबांची मनधरणी करावी लागली, पण नातवापुढे त्यांचं काही चालेना. सगळे जॅकेटं घालून बसले आणि होडी निघाली. अंधारून आलं. लांबवर एक दिवा लुकलुकला.

"लाल!" तात्यासाहेब गरजले. "लाँच डावीकडं चाललीय. पुंजाराम, उजवीकडं घे. बिनधास्त!"

आबांनी होडी वळवली. इंजिनाचा आवाज मात्र दूर जाईना. वाढतच चालला!

"तात्यासाहेब, ती आपल्याकडेच येतेय!" अजरा म्हणाली.

"शक्यच नाय! लाल दिसतोय की ढळढळीत... अरे! अरे सांडू! थांबव! मेलो, मेलो!"

मजीदने बॅटरीचा झोत टाकला. ठरल्याप्रमाणे सांडूमामांनी इंजिन बंद केलं आणि लाँच होडीपासून बरीच लांब डुलत थांबली. तात्यासाहेब दोन्ही हातांनी आबांना धरून बसले होते!

"आता सांगा, तात्यासाहेब," अजराने शांतपणे विचारलं, "चूक डोळ्यांची की दिव्यांची?"

तात्यासाहेबांनी एकदा दिव्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. "होडी काठाला घे, पुंजाराम," ते म्हणाले.

तात्यासाहेबांचा आरडाओरडा ऐकून काठावर गाव जमलं होतं. कालच्याच जागी उभं राहून तात्यासाहेबांनी आबांना हात जोडले. "पुंजाराम, तुझे डोळे ठीक हायत. आंधळा मीच झालो व्हतो. माझ्या लाँचमधून लेकुरवाळ्या बाया येतात, शाळेची पोरं येतात. या लेकरांनी सगळ्यांनाच वाचवलं. लई उपकार झाले!"

तोवर सांडूमामांनी दिवे बदलले होते. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाआजीनं तिघांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आबांनी तिघांना पोटाशी घट्ट धरलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि दूर पाण्याकडे पाहिलं.

"ते बघा, पल्याडच्या काठाला कुणीतरी दिवा लावला!"

तिघांनी माना उंचावल्या, डोळे ताणताणून पाहिलं. बऱ्याच वेळानं तो बारीकसा दिवा दिसला, तोही एकट्या अजराला!