अर्धा राहिलेला मांड

माझ्या गोष्टीतली मगर दरवेळी हातभर वाढते असं तुम्ही पोरं मागून बोलता, ते मला कळतं. वाढते, कबूल. पण ही गोष्ट कोरगावच्या कृष्णनाथची आहे आणि त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. संदीप, तो पंखा बंद कर. आवाज नको.

गेल्या डिसेंबरची तीस तारीख, मंगळवार, पौषातली एकादशी. संध्याकाळी कृष्णनाथ पेडण्याला जाऊन सहा बल्ब घेऊन आला. घर उजळून दाखवायचं होतं. गिऱ्हाईक गुडगावचं, नाताळच्या सुट्टीत मांद्र्याला उतरलेलं, एकतीसच्या रात्री मोपाहून विमान पकडणारं. कृष्णनाथला घर विकायचं नव्हतं. पण बायको प्रभावती गेलेली, मुलगा रुद्रेश आयर्लंडला, पुतणे सह्या देऊन मोकळे झालेले. याची एक सही राहिली होती. रुद्रेशचा रोज फोन, "बाबा, हा गेला तर दुसरा मिळणार नाही." म्हापशाला बाबांसाठी फ्लॅटही घेऊन ठेवलेला. काय करणार माणूस?

अडचण एकच. तांबड्या मातीच्या अंगणात धालोंचा मांड, म्हणजे बायकांच्या नाचाची राखलेली जागा. पौषात वाड्यावरच्या बायका पाच रात्री तिथे नाचतात. समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात. पहिल्या रात्री दिवा लावून मांड जागवायचा, पाचव्या रात्री निजवायचा. मधे सोडायचा नाही. आणि मांड जागा असताना पुरुषाने त्यावर पाऊल टाकायचं नाही. ती तिसरी रात्र होती.

साडेसातला बायका आल्या.

"वयनी, आज नाका," कृष्णनाथ म्हणाला. "गिऱ्हाईक येता. अंगण मोकळा दिसाक जाय."

सरस्वतीबाय त्यांच्यात मोठी. तिने उद्याचं विचारलं, "आणि फाल्यां?"

"फाल्यां घर माजा नसतला."

तिने मांडाच्या कडेला तेवणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. "आमी जातांव, भावोजी. पण मांडार जी उतरल्यात, तेंका कोण सांगतलो?"

बायका गेल्या. दिवा कृष्णनाथने फुंकला.

आठ वीसला साईश दलाल गिऱ्हाइकाला घेऊन आला. सहाही बल्ब पेटलेले. त्या माणसाने घराकडे धड पाहिलंही नाही. अंगणाकडे बोट दाखवलं, "यहाँ स्विमिंग पूल." खिशातून टेप काढली आणि एक टोक कृष्णनाथच्या हातात दिलं. "अंकल, ज़रा उधर पकड़ना."

जन्मभर दुकान चालवलेला, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नसलेला माणूस. टोक धरून चालत गेला. मांडाच्या मधोमध थांबला.

आणि त्याच्या कमरेला हात पडला.

डावीकडून. मग उजवीकडून.

हात गार असते तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. ऊबदार होते. बांगड्या टोचत होत्या. उजवीकडची कोण, कळेना. डावीकडची...

तिथे त्याची नजर भिंतीवरच्या प्रभावतीच्या फोटोवर गेली. मी पुढे विचारलं नाही.

पुढे चार पावलं. वाकायचं. मागे चार पावलं.

तो मानेने नाही म्हणत होता. पाय ऐकत नव्हते. साईशने हाक मारली. पुढे चार. मागे चार. समोरूनही कुणी येत होतं. जवळ. आणखी जवळ. त्याने डोळे मिटले. तरी...

चाळीस मिनिटं.

गुडगाववाला खूश. "अंकल फुल मूड में हैं," म्हणत मोबाईलवर काढत राहिला. तो व्हिडिओ साईशकडे आहे, मी पाहिलाय. लख्ख उजेड. अंगणात एकटा म्हातारा. दोन्ही हात बाजूला, हवेत, कमरेच्या उंचीवर. आणि वाकतो तेव्हा इतका पुढे झुकतो, की कुणी धरलं नसेल तर तोंडावर पडावा.

पडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. मला म्हणाला, "करूचीच लागली रे."

मागच्या महिन्यात मी म्हापशाला त्याच्याकडे वस्तीला राहिलो. तिसरा मजला. दाराची कडी मी स्वतः घातली. झोपायच्या वेळी त्याने नवे पांढरे मोजे माझ्या हातात दिले. "तूच चडय." धुतलेल्या, कोरड्या पायांवर मी चढवले.

सकाळी तो आधीच उठून बसलेला. पाय पुढे केले.

मोजे बाहेरून कोरे. एक डाग नाही.

मी ओढून काढले. तर आत, तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत... तांबडी माती.

ओली.